चाळीस खुर्च्या आणि १९५२ चा कायदा

मागच्या हिवाळ्यातली एक शनिवारची संध्याकाळ. रायपूरच्या एका वसाहतीच्या सभागृहात चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून बसवली होती. प्रोजेक्टर एका शिकवणी वर्गातून उसना आणलेला, ध्वनिवर्धक मंडपवाल्याचे. याच शहरात राहणाऱ्या, दिवसभर अन्य काही काम करून पोट भरणाऱ्या मंडळींनी आपापल्या मोबाईलवर चित्रित केलेले सहा लघुपट शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायचे आणि नंतर चहा पीत त्यांवर बोलायचे, एवढाच कार्यक्रम होता. तिकीट नाही, देणगी नाही, दीपप्रज्वलन नाही. (शेवटची बाब मला विशेष भावली होती.)

एका इलेक्ट्रिशियनने आपल्या मोहल्ल्यातल्या सार्वजनिक नळावर लघुपट केला होता, एका सरकारी शाळेतील शिक्षकाने आटत चाललेल्या तलावावर. नऊ मिनिटांचा एक लघुपट परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या एका मराठी मुलीचा होता. तिची आजी साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन गोंदियाकडून इकडे आली. तिच्या बोलण्यात झाडीपट्टीची मराठी आणि छत्तीसगढी इतक्या मिसळून गेल्या आहेत की कोणता शब्द कुठला, हे आता तिलाही सांगता येत नाही. लघुपटात फारसे काही घडत नाही. आजी अंगणात बसून विड्या वळते, वळता वळता बोलते, आणि मधूनच एक बोकड समोरून निघून जातो. ही आजी त्या संध्याकाळी नवे लुगडे नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

साडेसहाच्या सुमारास एका कार्यालयाचे दोघे जण पत्र घेऊन आले. पत्रात तीन गोष्टी मागितल्या होत्या. दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्रपटाचे प्रमाणपत्र, सभागृहाला चित्रपट दाखवण्याचा असलेला परवाना, आणि आयोजनास जबाबदार असलेल्या व्यक्तीचे नाव व पत्ता. पहिल्या दोन मागण्यांनी गोंधळ उडाला. तिसरीने सभागृहाच्या सचिवांचे हातपाय गळाले. सात वाजता दिवे लावले गेले आणि खुर्च्या एकावर एक रचल्या गेल्या. आवाज चढला नाही, घोषणा झाल्या नाहीत. पत्र आणणारे दोघेही सौजन्याने वागले. त्यांतल्या एकाने तर खुर्च्या उचलायला हात लावला. मुलीने आजीला म्हटले, "चल, घरी मोबाईलवर दाखवते." आजी म्हणाली, "मोबाईलवर त मीच पाहीन मले. बाकीच्या बाया काय म्हन्तेत, थे पाहाचं होतं."

दुसऱ्या दिवशी ती मंडळी माझ्याकडे आली. साहेब केंद्र सरकारचे, तेव्हा साहेबांना कायदा ठाऊक असणार आणि साहेबांच्या एका दूरध्वनीने काम होणार, ही भाबडी समजूत आपल्या देशात अजून टिकून आहे. दूरध्वनी मी केला नाही. कायदा मात्र काढून वाचला, आणि वाचून माझी जी अवस्था झाली तिच्यापोटी हा लेख लिहीत आहे. कारण ते पत्र अक्षरशः पाहिले तर चुकीचे नव्हते.

(येथे एक खुलासा. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ मधील नववा नियम सरकारच्या चालू अथवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास आम्हाला मनाई करतो. माझ्या जन्माच्या बरीच वर्षे आधी केलेला कायदा 'अलीकडचा' म्हणता येईल काय, यावर विद्वानांनी विचार करावा. मी जे सुचवणार आहे ते त्या कायद्याच्या पोटातच लिहिलेले आहे, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.)

सिनेमॅटोग्राफ ॲक्ट, १९५२ मध्ये 'सिनेमॅटोग्राफ' या शब्दाची व्याख्या हलती चित्रे दाखवणारे कोणतेही उपकरण अशी आहे. त्या व्याख्येत नव्या मॉलमधला पडदा बसतो, उसना प्रोजेक्टर बसतो आणि खिशातला मोबाईलही बसतो. प्रमाणपत्राविना चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवल्यास सातव्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. चित्रपट किती मिनिटांचा, कोणी केला, किती लोकांनी पाहिला, पैसे घेतले की नाही, यांपैकी एकही प्रश्न हे कलम विचारत नाही. हे झाले केंद्राचे. जागेचा परवाना ही राज्याची बाब. घटनेच्या सातव्या परिशिष्टात चित्रपटाला मंजुरी देणे केंद्राच्या सूचीत साठाव्या क्रमांकावर आणि चित्रपटगृहे राज्याच्या सूचीत तेहतिसाव्या क्रमांकावर आहेत. त्यामुळे एकाच चादरीवर दोन सरकारांचा अधिकार चालतो. छत्तीसगडला २००० साली राज्य मिळाले तेव्हा मध्यप्रदेशाचा १९५२ चा सिनेमा नियमन कायदाही वारशाने मिळाला.

जागेच्या परवान्यामागचे कारण एके काळी रास्त होते. जुनी नायट्रेटची फिल्म भडकन पेट घेई. १८९७ साली पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात चित्रपट दाखवताना लागलेल्या आगीत शंभराहून अधिक माणसे गेली. त्या भीतीतून जगभर नियम झाले, ते योग्यच झाले. परंतु पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी कोडॅकने नायट्रेट फिल्म करणे थांबवले. म्हणजे आपला कायदा झाला आणि त्याच सुमारास आगीचे कारण संपले. आज त्या सभागृहात पेट घेण्याजोगी वस्तू एकच होती, ती म्हणजे चहाचा स्टोव्ह, आणि त्याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हते.

आता समजा, त्या मुलीने ठरवले की आपण प्रमाणपत्र घ्यायचे. प्रमाणन मंडळाची प्रादेशिक कार्यालये नऊ आहेत: मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूरु, हैदराबाद, तिरुवनंतपुरम, दिल्ली, कटक आणि गुवाहाटी. रायपूरला नाही, नागपूरलाही नाही. अर्ज आता संगणकावरून करता येतो, हे मान्य करायलाच हवे. पण अर्जाच्या पुढची वाट पाहा. लघुपटात बोकड आहे. प्राणी असला तर प्राणी कल्याण मंडळाचे ना-हरकत पत्र लागते. त्या मंडळाचे मुख्यालय हरियाणात, बल्लभगड येथे. आजी विड्या वळते. चित्रपटात तंबाखूची वस्तू दिसली तर २०१२ च्या नियमांनुसार आरंभी आणि मध्ये प्रत्येकी तीस सेकंदांची आरोग्यसूचना, शिवाय दोन्ही ठिकाणी वीस सेकंदांचे दृक्‌श्राव्य निवेदन, आणि विडी दिसते तोवर पडद्याच्या तळाशी इशारा. बेरीज करा: नऊ मिनिटांच्या लघुपटाला शंभर सेकंदांचा उपदेश, आणि आजीच्या हातात विडी पहिल्यापासून शेवटपर्यंत असल्यामुळे इशारा अखंड. जिने आयुष्यभर विड्या वळून चार मुले वाढवली, तिच्या हाताखाली ती अक्षरे नऊ मिनिटे हलणार नाहीत. यांतला प्रत्येक नियम स्वतंत्रपणे वाचला तर शहाणपणाचा आहे. तंबाखूचा नियम करणाऱ्याला कोटी-कोटींचा नायक धूर सोडताना दिसत होता. प्राण्यांचा नियम करणाऱ्याला पाय मोडून पडलेले घोडे दिसत होते. अंगणातली म्हातारी कोणालाच दिसत नव्हती.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात ते इथे आठवते. स्थिर खर्च उत्पादनाच्या प्रमाणावर अवलंबून नसतो. शंभर कोटींच्या चित्रपटाला प्रमाणनाचा खर्च आणि वेळ म्हणजे ताकातला मिठाचा खडा. शून्य खर्चाच्या लघुपटाला तोच खर्च म्हणजे अख्खे ताक. इतर कायद्यांना हे कळते. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीज वापरणाऱ्या दहा कामगारांवर रेघ आखली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने ती वीसवर नेली. सेवा पुरवणाऱ्याला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यातही बावन्नाव्या कलमात हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे केलेल्या नाट्य वा संगीत प्रयोगाला सूट आहे. म्हणजे दुसऱ्याचे नाटक हौसेने करण्याला कायदा समजून घेतो. स्वतःचा चित्रपट हौसेने दाखवण्याला मात्र त्याच्याकडे जागा नाही. फार काय, ब्रिटिशांनी १८७६ साली नाटकांवर लादलेला कायदासुद्धा आपण काही वर्षांपूर्वी रद्द केला. त्याच मुलीने त्याच आजीवर नाटुकले बसवले असते, तर केंद्राच्या कोणत्याही मंडळाकडून तिला प्रमाणपत्र आणावे लागले नसते.

आणि तिने तेच नऊ मिनिटे यूट्यूबवर चढवले असते तर? तिथे पूर्वप्रमाणन नाही. २०२१ चे नियम आहेत, पण ते नंतर तक्रार करण्याचे. म्हणजे अनोळखी दहा लाख लोकांनी, रात्री-बेरात्री, एकेकट्याने पाहिले तर चालेल. ओळखीच्या चाळीस जणांनी एकत्र बसून, करणारी समोर उभी असताना पाहिले तर तीन वर्षे! धोका कुठे अधिक, हे मी सांगण्याची गरज नाही. जमावाच्या हातून जे काही वाईट या देशात गेल्या दहा-पंधरा वर्षांत चलच्चित्रांमुळे घडले, ते मोबाईलवरून मोबाईलवर फिरलेल्या, कर्ता अज्ञात असलेल्या तुकड्यांमुळे घडले. वसाहतीच्या सभागृहात चहाबरोबर पाहिलेल्या लघुपटामुळे नव्हे. सभागृहात खोटे बोलणाऱ्याला समोरचा माणूस तोंडावर विचारतो, "अहो, हा नळ तर आमच्या गल्लीतला, तो कुठे बंद होता?" याहून स्वस्त आणि तत्पर परिनिरीक्षण कोणत्या मंडळाला जमणार आहे?

चित्रपटाच्या पूर्वप्रमाणनाला घटनेचा पाठिंबा आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो एका लघुपटामुळेच. ख्वाजा अहमद अब्बास यांनी कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतील श्रीमंती व दैन्य शेजारी शेजारी मांडणारा सोळा मिनिटांचा अनुबोधपट केला. त्याला 'सर्वांसाठी' हे प्रमाणपत्र नाकारले गेले. अब्बास न्यायालयात गेले आणि १९७० साली निकाल लागला. पूर्वप्रमाणन वैध ठरले. मुख्य विचार असा की, चलच्चित्र माणसाच्या भावनांना इतर कलांपेक्षा अधिक खोलवर हात घालते, म्हणून त्याला वेगळे वागवता येते. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला शाळेत शिकले ते याच रायपुरात आणि महाविद्यालयात गेले ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. येथील विधी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु १९७० साली 'चलच्चित्र' म्हणजे अंधारे थिएटर, हजार माणसे आणि दुसरीकडे कुठेच न दिसणारी प्रतिमा. आज चलच्चित्र भाजीवाल्याच्या हातात आहे. ज्या वस्तूबद्दल तो विचार मांडला गेला ती वस्तू राहिली नाही. विचार मात्र चाळीस खुर्च्यांना लागू होतो.

जरा आणखी मागे जाऊ. १८९९ साली सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी मुंबईत हँगिंग गार्डनला झालेली कुस्ती चित्रित केली. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तो स्वागतसमारंभही टिपला. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' आधी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या वाढीचा एक छोटा चित्रपट केला आणि परिचितांना दाखवून भांडवल उभे केले. हौशी माणूस, घरगुती उपकरण, ओळखीचे प्रेक्षक. भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो तो प्रयोग अगदी असाच होता. पहिला सिनेमॅटोग्राफ कायदा आला १९१८ साली. फाळक्यांचे नशीब थोर, की वाटाणा सहा वर्षे आधी उगवला.

खुद्द रायपूरचा इतिहास याहून बोलका आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे होती, आणि मध्यप्रदेशातला गावांचा समूह रायपूर भागातला होता. संध्याकाळी गावाच्या चौकात संच लागे, माणसे जमत, एकत्र पाहत. कार्यक्रम हिंदीत असत. चौकात जमलेले बोलत छत्तीसगढी. सरकारने या लोकांना एकत्र बसून पाहायला शिकवले. ते पाहायला शिकले. पन्नास वर्षांनी त्यांची नातवंडे स्वतः करू लागली, आपल्या बोलीत करू लागली, तेव्हा सरकार म्हणते, एकत्र बसू नका.

आणि याच सरकारने दशकानुदशके लघुपट सक्तीने दाखवले, हे विसरता कामा नये! १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली. मुख्य चित्रपटाआधी तिचे अनुबोधपट दाखवणे चित्रपटगृहांवर बंधनकारक होते, आणि त्याबद्दल उत्पन्नाचा काही हिस्साही द्यावा लागे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती वैध ठरवली. माझ्या पिढीने धरणे, लसीकरण आणि पूरग्रस्त यांच्यावरील किती चित्रपट शेंगदाणे सोलत पाहिले असतील, त्याची गणती नाही. (काही उत्तम होते, हे त्या संस्थेच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.) क्षेत्रीय प्रचाराच्या गाड्या गावोगाव पडदे घेऊन फिरत. ते संचालनालय २०१७ मध्ये अन्य कार्यालयांत विलीन झाले. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात गेली. गाडी गेली, पडदा गेला, आणि पडदा स्वतःच्या खर्चाने लावणाऱ्याला नोटीस आली.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: चित्रपट महोत्सवांना सूट मिळते की! मिळते. नवव्या कलमाखाली केंद्र सरकार लेखी आदेशाने सूट देऊ शकते, आणि महोत्सवांसाठी त्याची ठरलेली पद्धत आहे. चित्रपटांची यादी, प्रत्येकाचा सारांश, आधी पाहणारी समिती, आणि मंत्रालयाकडे अर्ज. ज्यांच्यापाशी कचेरी आहे, लेटरहेड आहे, दिल्लीला फोन लावणारा माणूस आहे, त्यांना हे जमते. आणि त्यांनाही नेहमी जमतेच असे नाही. २०१७ साली केरळच्या अनुबोधपट व लघुपट महोत्सवात तीन चित्रपटांना सूट नाकारली गेली. त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फीतून रवी जाधवांचा 'न्यूड' निवड समितीने निवडल्यानंतर वगळला गेला. त्यावर निदान ओरड झाली, अग्रलेख आले. रायपूरच्या वसाहतीत बंद पडलेल्या संध्याकाळीवर कोण अग्रलेख लिहिणार?

बंदीपेक्षा ही गोष्ट वाईट आहे, असे माझे मत आहे. आणि ते प्रशासनात तीस वर्षे काढून झालेले मत आहे. बंदीला हुकूम लागतो. हुकमाला कारण लागते, तारीख लागते, सही लागते. गजानन माधव मुक्तिबोध, ग्वाल्हेर संस्थानात जन्मलेला मराठी घरातला हिंदी कवी, येथून सत्तर किलोमीटरवर राजनांदगावला प्राध्यापक होते. १९६२ साली मध्यप्रदेश सरकारने त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली. तो अन्यायच होता. पण तो सही केलेला अन्याय होता. त्याविरुद्ध दाद मागता येत होती, आणि आज साठ वर्षांनी त्या सरकारचे नाव घेऊन त्याला दोषही देता येतो. आमच्या पत्रात बंदी कुठेच नव्हती. 'आवश्यक कागदपत्रे सादर करावीत' एवढेच होते. कोणी काही नाकारले नाही, म्हणून कोणी जबाबदार नाही. प्रशासनाने शोधून काढलेल्या साऱ्या अस्त्रांमध्ये हे सर्वांत बिनआवाजी.

मला ते चांगले माहीत आहे, कारण मी ते वापरले आहे. २००३-०४ च्या सुमारास एका मोठ्या शहरात नेमणुकीला असताना कार्यालयाच्या करमणूक केंद्राचा मी पदसिद्ध अध्यक्ष होतो. आमच्याकडल्या एका वरिष्ठ लिपिकाने हँडीकॅमवर, रविवार खर्ची घालून, पंचवीस मिनिटांचा चित्रपट केला होता. निवृत्त होणाऱ्या एका शिपायाच्या शेवटच्या दिवसावर. तो वार्षिक स्नेहसंमेलनात दाखवावा, असा त्याचा अर्ज आला. मी चित्रपट पाहिला नाही. अर्जावर लिहिले, "सक्षम प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडल्यास विचार करता येईल." वाक्य निर्दोष आहे. त्या वेळी मला त्याचा थोडा अभिमानही वाटला असावा. पुढे कळले, की नेमक्या त्याच दिवसांत मुंबईच्या आंतरराष्ट्रीय अनुबोधपट महोत्सवाने भारतीय चित्रपटांना प्रमाणपत्राची अट घातली, आणि देशभरच्या चित्रपटकारांनी एकजूट करून ती मागे घ्यायला लावली. नंतर वगळलेल्या चित्रपटांचा 'विकल्प' हा महोत्सव फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी स्वतः भरवला. त्यांना एकमेकांचा आधार होता. माझ्या लिपिकाने अर्ज परत नेला आणि दुसऱ्या दिवशी आवक-जावक नोंदवहीवर बसला. पुन्हा त्याने काही केले असेल, तर मला दाखवले नाही.

आता आपल्या मंडळांकडे वळतो, कारण हा लेख वाचणारे बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या महाराष्ट्र मंडळाचे सभासद असतील. दोष केवळ कायद्याचा नाही. लघुपटांचा म्हणून जो कार्यक्रम आपण करतो, त्यात चित्रपट किती मिनिटे असतात? पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षांचे मनोगत, पुष्पगुच्छ, प्रायोजकांचा सत्कार, आणि उरलेल्या वेळात घाईघाईने पारितोषिकप्राप्त तीन. शिवाय आता गावोगाव 'आंतरराष्ट्रीय' महोत्सव निघाले आहेत. प्रवेशशुल्क भरा, संगणकावर दोन पानांच्या डहाळ्यांमध्ये 'अधिकृत निवड' असे लिहिलेले चिन्ह मिळवा. पाहणारा कोणी नसतो, सारे करणारेच. आमची सरकारी खातीही मागे नाहीत. स्वच्छतेवर, मतदानावर, पाणी वाचवण्यावर लघुपट स्पर्धा. विषय खात्याचा, शेवटी घोषवाक्य खात्याचे, आणि प्रवेशिकेवरचा हक्कही खात्याचा. एवढे करून तो लघुपट लोकांना दाखवला जातो का? बक्षीस समारंभात, मान्यवर येईपर्यंत, आवाज बंद करून.

याउलट मालेगाव पाहावे. यंत्रमागाच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी गावातल्याच कामगारांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला. पुढे 'सुपरमॅन'ही केला. गावानेच तो तुफान पाहिला. महोत्सव नंतर आले, फैझा अहमद खान यांचा अनुबोधपट २००८ साली आला, आणि २०२५ मध्ये तर मुंबईच्या मोठ्या निर्मात्यांनी त्या मंडळींवर चित्रपट प्रदर्शित केला. त्या सगळ्याचे मूळ एकाच गोष्टीत होते: केलेले त्याच आठवड्यात, त्याच गल्लीत दाखवता आले. पाहणारे हसले कुठे आणि उठून गेले कुठे, हे पाहत पाहत ती माणसे चित्रपट करायला शिकली.

छत्तीसगडलाही ही परंपरा नवी नाही. मनु नायक यांनी १९६५ साली 'कहि देबे संदेस' केला तो तुटपुंज्या पैशांत, जातिभेदाविरुद्ध, छत्तीसगढीत. त्यात गायला मोहम्मद रफी होते. तो पहिला छत्तीसगढी चित्रपट. दुसरा आला १९७१ साली, आणि गर्दी खेचणारा 'मोर छइंहा भुइंया' यायला २००० साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत या भाषेत चित्रपट करण्याची इच्छा असलेले किती जण बँकेत, शाळेत, रेल्वेत निवृत्त झाले असतील! २०२४ साली नवा रायपूरला चित्रनगरी आणि संमेलन केंद्र उभारण्यासाठी केंद्राने सुमारे दीडशे कोटी रुपये मंजूर केले. उभारा, माझा विरोध नाही. फक्त त्या दीडशे कोटींत ज्याचे उत्तर नाही असा एक प्रश्न आहे: त्या नगरीत काम करणारी माणसे पहिला चित्रपट कुठे आणि कोणाला दाखवून शिकणार?

उपाय मी वर म्हटल्याप्रमाणे कायद्याच्या पोटातच आहे. नवव्या कलमाचे शब्द 'कोणताही चित्रपट' एवढेच नाहीत. 'चित्रपटांचा वर्ग' असेही आहेत. म्हणजे एकेका महोत्सवाने एकेक यादी घेऊन दिल्लीला धावण्याची गरज कायद्याला अभिप्रेत नाही. संसदेत जाण्याची गरज नाही, दुरुस्तीची नाही. एका सामान्य आदेशाने सांगता येईल की, चाळीस मिनिटांपर्यंतचा (ऑस्करवालेही लघुपटाची हीच सीमा मानतात), कर्त्याने स्वतः वा त्याच्या लेखी संमतीने, विनाशुल्क, दोनशे प्रेक्षकांपर्यंत दाखवलेला लघुपट पूर्वप्रमाणनातून मुक्त राहील. आयोजकाने स्थानिक संस्थेला आठवडाभर आधी कळवावे, मुलांना बसू द्यायचे की नाही हे दारावर लिहावे. कळवायचे, परवानगी मागायची नाही. द्वेष पसरवला, कोणाची बदनामी केली, मुलांचे अश्लील चित्रण केले, तर त्यासाठी फौजदारी कायदे आहेतच. ते पुस्तकाला लागतात, भाषणाला लागतात, तसे इथेही लागतील. राज्यांनी जागेच्या परवान्यातून हाच वर्ग वगळावा. अग्निशमन आणि बाहेर पडण्याची वाट यांचे जे नियम लग्नाला आहेत तेच पुरेत.

हे स्वप्नरंजन नव्हे. इंग्लंडमध्ये २०१५ सालापासून समाजगृहात, नफ्याचा हेतू नसताना, सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळात, पाचशे प्रेक्षकांपर्यंत चित्रपट दाखवायला परवाना लागत नाही. वयाची बंधने पाळली म्हणजे झाले. लंडनच्या आमच्या मराठी वाचकांनी आपल्या सभागृहात सभासदांचे लघुपट दाखवावेत; तिथला कायदा त्यांच्या बाजूने आहे. गंमत पाहा, ज्यांनी आपल्याला १९१८ चा कायदा दिला, त्यांनी स्वतःच्या खेड्यातल्या सभागृहाला केव्हाच मोकळे केले. आपण तो कायदा देवघरात ठेवला आहे.

"पण साहेब, एकदा दार उघडले की काय काय आत येईल!" असे माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. येईल. वाईट लघुपट येतील, पुष्कळ येतील. त्या सहांपैकी निदान दोन वाईट होते. तलावावरच्या चित्रपटात इतके संथ सूर्यास्त होते की तलाव आटण्याआधी प्रेक्षक आटला असता. पण ते त्या शिक्षकाला चाळीस माणसांनी सांगायला हवे होते. मंडळाने नव्हे, आणि मी तर नव्हेच.

त्या मंडळींनी कार्यक्रम सोडला नाही. सार्वजनिक प्रदर्शन नको ना, मग घरगुती समारंभ करू, असे त्यांनी ठरवले. आता महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी वाढदिवस असतो. गच्चीवर चादर लागते, वीस-पंचवीस जण येतात, केकही कापला जातो. त्या इलेक्ट्रिशियनचा वाढदिवस गेल्या आठ महिन्यांत दोनदा झाला. मी दोन्ही वेळा भेटवस्तू घेऊन गेलो. दुसऱ्या वेळी त्याने ती संकोचाने परत केली.

आजीचा लघुपट दुसऱ्या वाढदिवसाला लागला. शेजारच्या पाच-सहा जणी मुद्दाम बोलावल्या होत्या. नऊ मिनिटे कोणी बोलले नाही; बोकड आला तेव्हा तेवढ्या हसल्या. दिवे लागल्यावर त्यांतली एक आजीकडे वळून छत्तीसगढीत म्हणाली, की विडीचा दोरा तू अजून डाव्या हाताने बांधतेस, हे मला आजवर ठाऊक नव्हते. आजीने तिला शेजारी बसवून घेतले आणि का, ते सांगू लागली.